चक्की, कृती आणि हळद : आमच्या गटाच्या संगणकाची गोष्ट

आम्ही केमहून बोलतोय. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव. कुर्डुवाडीहून पुण्याकडं निघालेल्या रेल्वेला वाटेत लागतं. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू, या दोन गोष्टींनी आमच्या गावाची ओळख आहे. गटातल्या निम्म्या जणी कुंकवाच्या कामावर जातात. सणावाराला आम्ही गटातर्फे पाकिटं भरून विकतोही.

आज मात्र कुंकवावर बोलायचं नाही. संगणकावर बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, या बायांना संगणकातलं काय कळतं? खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी काहीच कळत नव्हतं. त्या न कळण्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून आज बोलायला बसलो आहोत.

आमच्या गटानं एक जुना संगणक घेतला होता. बचत, कर्जवाटप, परतफेड, कुंकवाची विक्री, सगळा हिशेब त्यात भरायला लागलो. बेरजा आपोआप होतात म्हटल्यावर कोणाला आनंद होणार नाही? हळूहळू वहीत लिहिणं सुटलं. अकरा महिने तर वही उघडलीच नाही. नवरात्राच्या तोंडावर, मालाची घाई असताना, एक दिवस संगणक निळा पडदा दाखवून थांबला. आम्ही तो उचलून दुरुस्तीला दिला. दुसऱ्या दिवशी दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, झाला चालू. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकलीय."

घरी आणून बघतो तर संगणक चालू, पण आत काही नाही. अकरा महिन्यांचा हिशेब गेला.

बँकेकडं नव्या कर्जाचा अर्ज द्यायचा होता. मग आम्ही रात्री बसून प्रत्येकीचं बचत पुस्तक, बँकेच्या पावत्या, बैठकीचं इतिवृत्त जुळवत गेलो. आमच्यात एक वयस्कर आत्या आहेत. त्यांना लिहिता येत नाही. पण प्रत्येकीच्या छोट्या पुस्तकात त्याच बैठकीत नोंद झालीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असायचा. आम्ही कुरकुरायचो. त्या हट्टानंच आम्हाला वाचवलं. बहुतेक हिशेब जुळला. एक मात्र जुळला नाही. एका सखीनं परतफेडीचे सहा हजार भरले होते, असं ती सांगत होती. तिच्या पुस्तकात नोंद नव्हती, कारण त्या दिवशी ती पुस्तक घरी विसरली होती. नोंद फक्त संगणकात होती. आम्ही तिचा शब्द मानला. पण चार-पाच महिने ती बैठकीत मागं बसायची, बोलायची नाही. पैशाचा प्रश्न सुटला होता, तिच्या मनातला सुटायला वेळ लागला.

त्या मुलावर राग काढणं सोपं होतं. पण त्यानं विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आत काय आहे, काय जपायचं आहे, हे सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानंतर आम्ही ठरवलं की संगणक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं. गावातल्या शिकलेल्या मुलींना धरलं, पुण्यात कामाला असलेल्या लेकींना फोन केले, स्वतः खोलूनही पाहिला. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

तीन वेगळ्या गोष्टी

जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचं. हळदीत खार पडला की पिवळ्याचं लाल होतं. तिथं तीन गोष्टी लागतात. एक चक्की आणि भांडी. दुसरी कृती, म्हणजे किती हळद, किती खार, किती वेळ. आणि तिसरी खुद्द हळद.

संगणकाचंही तसंच. हाताला लागतं ते सगळं हार्डवेअर, म्हणजे आपली चक्की. कळफलक, पडदा, आतल्या पट्ट्या, तारा. सॉफ्टवेअर म्हणजे कृती. ती हाताला लागत नाही, पण तिच्याशिवाय चक्की नुसतीच गरगरते. विंडोज ही कृती, हिशेबाचा कार्यक्रम ही कृती, फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप ही कृती. आणि तिसरी गोष्ट आपली माहिती. नावं, आकडे, फोटो, पत्रं. ती हळद.

चक्की मोडली तर दुसरी मिळते. कृती विसरली तर पुन्हा विचारून घेता येते. संगणकातली माहिती मात्र दुकानात विकत मिळत नाही. ती फक्त आपल्याकडं असते. दुरुस्तीवाल्यानं आमची कृती नवी घातली, चक्की चालू करून दिली आणि हळद सांडली. तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं असतं तर आम्ही एकच वाक्य बोललो असतो, "दादा, आधी माहिती बाहेर काढा, मग हात लावा."

चक्की बिघडली की कृती?

संगणक अडला की आपण म्हणतो, "गेला." आणि नव्याच्या मागं लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होतं ते. आधी काय बिघडलं ते बघायचं.

दिवाच लागत नाही, आवाजच येत नाही, तर बहुधा हार्डवेअर. त्यातही आधी प्लग, तार आणि बोर्डातली वीज तपासा. आम्ही एकदा संगणक पिशवीत घालून निघालो होतो आणि दोष निघाला भिंतीवरच्या बटणात. संगणक चालू होतो, पण एकच कार्यक्रम उघडत नाही, सारख्या जाहिराती उडतात, तर बहुधा सॉफ्टवेअर. थोडा वेळ चालून आपोआप बंद पडतो, हात लावला तर गरम लागतो, तर आतला पंखा बघा. आमच्या संगणकाच्या पंख्यावर कुंकवाचा लाल थर बसला होता. आत हवाच जात नव्हती. प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशनं तो साफ केला. आता दर दोन महिन्यांनी करतो आणि माल भरायच्या खोलीतून संगणक हलवला. तुमच्याकडं पिठाची गिरणी असेल, मिरची कांडप असेल, तर हीच गोष्ट लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. रोज सकाळी संगणक मागच्या कुठल्यातरी वर्षाची तारीख दाखवायचा आणि इंटरनेटवरची पानं उघडायची नाहीत. आम्हाला वाटलं, आता हा संपला. आत रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो सेल उतरला होता. घड्याळ चुकलं की संगणक सुरक्षित पानांची मुदत चुकीची मोजतो आणि पान उघडत नाही. सेल बदलला, काम झालं.

संगणक हळू चालतो, ही तक्रार तर सगळीकडं आहे. त्यासाठी स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आणा. प्रोसेसर म्हणजे सुगरणीचे हात. रॅम म्हणजे ओटा. काम चालू असताना लागणारं सामान ओट्यावर मांडतो, काम संपलं की ओटा रिकामा. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं, ते यामुळंच. डिस्क म्हणजे कोठीची खोली, तिथलं सामान वीज गेली तरी राहतं. आता हात कितीही चपळ असले तरी ओटा वीतभर असेल आणि दर वेळी कोठीत जाऊन डबा शोधावा लागत असेल, तर स्वयंपाकाला उशीर होणारच. जुन्या संगणकात फिरती डिस्क असते, तबकडी फिरवून माहिती शोधणारी. तिच्या जागी एसएसडी बसवली तर त्यात फिरणारा भागच नसतो, माहिती लगेच हाती येते. पुष्कळदा नवा संगणक घ्यायची गरजच उरत नाही. दुकानात गेल्यावर "नवीन दाखवा" म्हणायच्या आधी "यात एसएसडी बसेल का, रॅम वाढेल का?" एवढं विचारा.

फिरती डिस्क टक-टक असा नवा आवाज करायला लागली तर मात्र थांबायचं नाही. ती मोडायच्या बेतात असते. लगेच संगणक बंद करून माहिती बाहेर काढायला जाणत्याकडं न्या.

कृती कुणाची, आपली की परक्याची?

सध्या गावोगाव एक भीती आहे. विंडोज १० बंद झाली, जुने संगणक आता भंगारात. नेमकं काय झालं ते ऐका. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही. त्यातल्या फटी बुजवणं कंपनीनं थांबवलं. काही मुदतीपुरती वाढीव सुरक्षा घेण्याची सोय आहे, पण ती कायमची नाही. घराची कडी ढिली झाली तर घर पडत नाही, पण उघड्यावर झोपल्यासारखं होतं. असा संगणक इंटरनेटला, त्यातही बँकेच्या कामाला वापरणं धोक्याचं. विंडोज ११ ला नव्या घडणीचे भाग लागतात, ते पुष्कळ जुन्या संगणकांत नसतात.

मग काय करायचं? एक वाट लिनक्सची. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. जगभरच्या लोकांनी तो वाढवला. त्याची कृती लपवलेली नाही, कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. उबंटू, मिंट अशी त्याची फुकट मिळणारी रूपं आहेत. जुन्या संगणकावरही चालतील अशी हलकी रूपंही आहेत. केरळातल्या सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षं अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात. आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. म्हणजे आपण ते वापरतोच, फक्त नाव माहीत नव्हतं.

हिशेबासाठी लिबरऑफिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता असतो, बेरजा होतात, आणि त्याचे आदेश मराठीतही दिसू शकतात. तीस-चाळीस बायकांच्या गटाला याहून जास्त लागत नाही, असं आमचं मत आहे. टॅलीसारखं एखादं ठरावीक सॉफ्टवेअर लागत असेल, तर ते लिनक्सवर चालेल का हे मात्र आधी विचारून घ्या.

आणि कुणी "क्रॅक टाकून देतो, पैसे लागणार नाहीत" म्हणालं तर नको म्हणा. कुलूप तोडून आत ठेवलेली ती कृती. तोडणाऱ्यानं सोबत आणखी काय ठेवलं हे आपल्याला दिसत नाही. फुकटच हवं असेल तर राजरोस फुकट मिळणारं घ्या.

मराठी अक्षरं का बिघडतात?

आम्ही एकदा अर्ज टाइप करून घेतला, पेन ड्राइव्हमध्ये घालून तालुक्याला नेला. तिथं उघडला तर भलतीच इंग्रजी अक्षरं. टंकणारी म्हणाली माझं बरोबर होतं, आणि तिचं खरंच बरोबर होतं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी दिसतं.

१९९१ पासून युनिकोड नावाची जगाची सामाईक यादी आली. तीत आपल्या देवनागरीतल्या अक्षरांना स्वतःचे आकडे मिळाले. 'क' चा आकडा २३२५. केममध्ये, मुंबईत, अमेरिकेत, सगळीकडं तोच. आपल्या भाषा संगणकावर आणण्यात पुण्याच्या सीडॅक या संस्थेचाही मोठा वाटा आहे. १९८८ साली ती सुरू झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिनं 'परम' हा महासंगणक उभा केला. त्याच संस्थेत भारतीय लिप्यांचंही काम झालं. म्हणून पुढच्या वेळी टाइप करून घेताना एवढंच म्हणा, "युनिकोडमध्ये करून द्या."

हळद जपायची कशी?

हा भाग आमच्या जिवाभावाचा. जाणकार लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आम्ही तो असा पाळतो. पहिली प्रत संगणकात. दुसरी पेन ड्राइव्हवर, तो अध्यक्षांच्या घरी कपाटात. तिसरी इंटरनेटवरच्या खात्यात, गटाच्या नावानं काढलेल्या. त्या खात्याचा पासवर्ड दोघींना ठाऊक आहे आणि बंद पाकिटात लिहून ठेवला आहे. पासवर्ड एकाच बाईच्या डोक्यात किंवा कुणाच्या मुलाच्या फोनमध्ये ठेवू नका. मुलगा नोकरीला जातो, बाई माहेरी जाते, आणि गट दाराबाहेर उभा राहतो.

प्रत काढली म्हणजे झालं असं नाही. दर महिन्याच्या बैठकीत पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचा, एका सखीचं खातं वाचून दाखवायचं. लोणच्याची बरणी वर्षभर न उघडता ठेवली तर आत काय झालंय ते कळतं का? तसंच हे.

दुरुस्तीला देताना कागदावर लिहून द्या : "माहिती पुसायची नाही. फॉरमॅट करण्याआधी विचारायचं." सही घ्या. आणि माहिती चुकून पुसली गेलीच तर संगणक वापरणं त्याच क्षणी थांबवा. फिरत्या डिस्कवरची पुसलेली माहिती कधीकधी परत मिळू शकते, कारण संगणक बऱ्याचदा आधी फक्त अनुक्रमणिका पुसतो. वर नवं लिहिलं गेलं की आशा कमी होते. आम्ही त्या दिवशी घरी येऊन लगेच गाणी भरली होती. ते आठवलं की आजही हळहळ वाटते.

आणि वही सोडू नका. आमच्याकडं आता बैठकीत प्रत्येकीच्या पुस्तकात नोंद होते, मग संगणकात. आत्यांसमोर.

आयटीतलं काम म्हणजे काय?

शेवटी आपल्या लेकीबाळींविषयी. हिंजवडीला नोकरी म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळे एकच काम करतात. तसं नसतं. कुणी कृती लिहितं, कुणी ती चाखून चुका काढतं, कुणी गिऱ्हाइकाच्या अडचणी फोनवर सोडवतं, कुणी मोठ्या यंत्रांची राखण करतं. चुका काढण्याच्या कामाला चिकाटी लागते, अडचणी सोडवायला गोड बोलणं आणि नेमकं विचारणं लागतं. गावातल्या सेवा केंद्रात दाखले काढून देणारी मुलगीही हेच काम करते, फक्त कुणी तिला आयटीवाली म्हणत नाही. राज्यात २००१ पासून एमएससीआयटीचा अभ्यासक्रम आहे. आपल्यातल्या कित्येकींनी तो केला. प्रमाणपत्र पेटीत ठेवून दिलं असेल तर बाहेर काढा. आता एआय पत्र लिहून देतं, तक्ता करून देतं. पण सहा हजार कुणी भरले, हे त्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच लिहावं लागतं.

आमच्या मते गावात सगळ्यात जास्त गरज दुरुस्ती जाणणाऱ्या बाईची आहे. पंखा साफ करणं, रॅम बदलणं, लिनक्स बसवणं, प्रती काढून देणं. आमच्या गटातली एक जण हे शिकली. शेजारच्या दोन गटांचे संगणक आता तीच बघते आणि त्याचे पैसे घेते. घ्यायलाच हवेत.

एक सावधगिरी मात्र हवी. "घरबसल्या टायपिंग करा, हजारो कमवा, आधी नोंदणीचे पैसे भरा" असे निरोप फोनवर येतात. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. काही जण तर नंतर "तुम्ही करार मोडला, खटला भरू" अशी धमकी देऊन आणखी उकळतात. घाबरू नका, लाजू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपला हिशेब आज किती ठिकाणी आहे? पासवर्ड किती जणींना ठाऊक आहे? आणि संगणक उद्या सकाळी उघडलाच नाही, तर कुठल्या सखीचे किती पैसे भरले हे आपण सांगू शकू का? तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर तुमचा गट आमच्यापेक्षा शहाणा.

ती मागं बसणारी सखी आता आमची सचिव आहे. पेन ड्राइव्ह दर महिन्याला तीच उघडून दाखवते.